हातातलं वजन

कार्तिकी गवस त्या आठवड्यात तिसऱ्यांदा मेली आणि तिसऱ्यांदा तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

मरण अर्थात सिम्युलेटरमधलं. घुमटाच्या आतल्या पडद्यावर डोंगर झपाट्याने वर आला, विमान त्यात घुसलं, पडदा काळा झाला आणि कार्तिकी खुर्चीतून उतरून पाणी प्यायला गेली. गुण देणारा संगणक मात्र खूश होता. हाताची स्थिरता उत्तम, नेम उत्तम, निर्णय उत्तम. डोंगरावर आपटल्याचा उल्लेख त्याने खाली कुठेतरी ‘इतर’ म्हणून केला होता. त्या ‘इतर’कडे बघून माझं डोकं फिरलं. माझं डोकं लवकर फिरतं, हे आमच्या केंद्रात शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

मी गिरिजा सरनोबत. आजऱ्याच्या बाजूला एका सड्यावर आमचं प्रशिक्षण केंद्र आहे. चहूकडे काळा कातळ, मधोमध पांढरे घुमट. तिथे मी मुलामुलींना सिम्युलेटरवर हवाई लढाई शिकवते. आधी बरीच वर्षं खरी विमानं उडवली. मग मणक्याने संप पुकारला आणि मी जमिनीवर आले. आमच्या तुकडीत कार्तिकी सगळ्यांत हुशार. पुढच्या महिन्यात खऱ्या टिटवीत पहिली तीच बसणार होती.

टिटवी म्हणजे आमचं विमान. लहान, हलकं, एका माणसाचं. गेल्या काही वर्षांत संगणक जाळून टाकणारी लहरींची शस्त्रं निघाली आणि संगणकावाचून उडताच न येणारी महागडी विमानं जागच्या जागी बसली. तेव्हा कुणाला तरी जुनी अक्कल आठवली. स्टिकपासून शेपटीपर्यंत सरळ धातूच्या दांड्या घाला, मग काय जाळायचं ते जाळा म्हणावं. टिटवीत पायलटचा हात आणि विमानाची शेपटी यांच्यामध्ये कुणी नव्हतं. मग मोकळीक आली.

मोकळीक ही कोपरापासून मनगटापर्यंत चढवायची एक बाही. ती काय करते हे सांगायचं तर आधी ट्रिम सांगायला हवं, आणि ट्रिम मी पहिल्याच तासाला शिकवते, कारण घरी गेम खेळून आलेल्या मुलांना तेवढं एक सोडून सगळं येत असतं.

विमानाला एकच वेग आवडतो. कोणता, ते आपण ठरवायचं. खुर्चीच्या डाव्या हाताला एक चाक असतं. ते फिरवलं की शेपटीवरची एक लहानशी पट्टी सरकते आणि तुमच्याऐवजी हवाच स्टिक धरून ठेवते. चाक दोनशे नॉटच्या वेगाला जुळवलं की हात सोडलात तरी विमान दोनशेच्या आसपास उडत राहतं. वेग वाढला तर ते आपण होऊन नाक वर करतं आणि वेग उतरवतं. वेग घटला तर नाक खाली टाकतं आणि गेलेला वेग परत मिळवतं. आता अशा वेळी तुम्ही हट्टाने नाक वर धरून ठेवलंत, तर स्टिक तुमच्या हातातून पुढे निसटू बघते आणि तुम्हाला ती मागे ओढून धरावी लागते. जितकी जास्त ओढ, तितके तुम्ही त्या आवडत्या वेगाच्या खाली घसरलात. म्हणजे वेग बघायला काट्याकडे मान वळवायची गरज नाही. तो हातात वजन होऊन येतो.

मुलं विचारतात, मॅडम, कुठला वेग? जमिनीच्या हिशेबाने की काट्यावरचा? काट्यावरचा. वेगमापक खरं म्हणजे समोरून येणाऱ्या हवेचा रेटा मोजतो. उंचावर हवा विरळ असते, तिथे काटा दोनशे दाखवतो तेव्हा विमान प्रत्यक्षात बरंच जोरात चाललेलं असतं. पंखाला त्याचं सोयरसुतक नाही. पंख रेट्यावर जगतो आणि ट्रिमही रेट्यावरच चालतं. नकाशावर तुम्ही किती लवकर पोचलात याची बढाई घरी मारा. लढाईत पंखाचं ऐका.

आता मोकळीक. स्नायू आवळायच्या आधी त्यात जी बारीक वीज धावते ती या बाहीला वाचता येते. हाताला ओझं जाणवायच्या आतच ती शेपटीवरच्या पट्टीला खबर देते, पट्टी सरकते आणि ओझं नाहीसं होतं. पायलटला चाकाला हात लावावा लागत नाही. पुन्हा ती सगळी जाळीने मढवलेली, लहरींच्या शस्त्रांना दाद न देणारी. मुलं म्हणतात, हातात काही धरलंय असं वाटतच नाही. मला नेमकी त्याचीच धास्ती होती.

आणि ही बाही माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने, यशोधनने, बनवली आहे.

दुपारी मी कार्तिकीच्या तिन्ही लढायांचं चित्रण घेऊन यशोधनच्या खोलीत गेले. तो डबा खात होता. त्याच्या पुढ्यात लॅपटॉप ठेवला आणि चित्रण सावकाश चालवून दाखवलं. तिन्ही वेळा तेच. शत्रू वळतो, कार्तिकी त्याच्यामागे वळते. वळण आवळलं की इंजिन पुरं पडत नाही, वेग घटायला लागतो. इथे तिच्या हाताला वजन यायला हवं होतं. येत नाही, कारण बाही ते मुकाट्याने काढून घेते. ती आणखी ओढते, बाही आणखी सरकते. शेवटी पट्टी टोकाला जाऊन टेकते आणि बाहीकडे द्यायला काही उरत नाही. तोवर वेग संपलेला असतो. पंखावरची हवा सुटते आणि विमान दगडासारखं खाली येतं. साधी टिटवी असती तर हात सोडल्यावर तिने स्वतःहून नाक टाकून सावरलं असतं. पण इथे ट्रिम पूर्ण मागे लागलेलं, त्यामुळे हात सोडला तरी नाक वरच. सावरायचा रस्ताही बाहीनेच बंद केलेला.

यशोधनने घास गिळला आणि म्हणाला, हे त्याला माहीत आहे. म्हणून तर त्याने बीप घातलाय. पट्टी टोकाजवळ आली की कानात बीप वाजतो, मोठ्याने आणि न थांबता. मी म्हटलं, लढाईत माणसाचे कान बंद होतात. तो म्हणाला, कान बंद होत नसतात, मुलांना सवय लावली पाहिजे आणि शिकवणारी म्हणून ते माझं काम आहे. एवढं सांगून त्याने मला भाकरीचा तुकडा देऊ केला. मी घेतला, कारण भांडण भांडणाच्या जागी आणि आमच्या घरची लसणाची चटणी तिच्या जागी.

यशोधनची अडचण मला कळत होती. ही बाही त्याने मुळात विमानासाठी बनवलीच नव्हती. आमचे वडील, आबा, कोल्हापुरात शाळेत खेळाचे शिक्षक होते, शिवाजी स्टेडियमवर फुटबॉलचे पंच म्हणून उभे राहायचे. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताला कंप सुरू झाला. शिट्टी ओठापर्यंत जाईना, चहाचा कप बशीत वाजायला लागला. ज्या दिवशी यशोधनने पहिली बाही त्यांच्या हातावर चढवली आणि आबांनी काठोकाठ भरलेला कप न सांडता तोंडाला लावला, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तो कप मी कसा विसरेन? पण आबांना शत्रूच्या मागे वळायचं नव्हतं.

विमानाची कल्पना त्याला माझ्यावरून सुचली, असं तो सगळ्यांना सांगतो. लहानपणी आम्हाला दोघांत मिळून एकच जॉयस्टिक होती. हट्ट मी धरला होता म्हणून ती माझ्या हातात असायची आणि यशोधन कीबोर्डवर. इंजिन तो सांभाळायचा आणि ट्रिमच्या बटणांवरही त्याचीच बोटं. पडद्याकडे तो बघायचाच नाही. माझ्या मनगटाकडे बघायचा. मनगटाची शीर फुगली की बटण दाबायचा, शीर उतरली की थांबायचा. आम्ही कॉलनीत कुणाला हार जात नव्हतो. याचा परिणाम असा झाला की पुढे खऱ्या प्रशिक्षणात पहिल्यांदा स्टिक जड झाली तेव्हा मी ती दोन्ही हातांनी ओढून धरली आणि थांबून राहिले. मागच्या खुर्चीतल्या शिक्षकांनी विचारलं, कुणाची वाट बघताय? खरं उत्तर द्यायची लाज वाटली. मी माझ्या भावाची वाट बघत होते.

त्याच संध्याकाळी संचालकांनी बोलावलं. विंग कमांडर रणदिवे निवृत्त आहेत, सभ्य आहेत आणि आवाज कधी चढवत नाहीत, म्हणून त्यांच्याशी भांडताना आपणच वेड्यासारखे दिसतो. त्यांनी सांगितलं की सोमवारी सगळ्या सिम्युलेटरची ट्रिमची चाकं निघणार आणि कार्तिकीच्या तुकडीला मिळणाऱ्या टिटव्याही बिनचाकाच्याच येणार. चाक आणि बाही दोन्ही ठेवल्याने मुलांचा गोंधळ होतो. नव्या टिटव्या कशा घडवायच्या ते ठरवणारे पाहुणे शुक्रवारी बाहेरून येणार आहेत, त्यांच्यासमोर मी बाही घालून एक लढाई उडवायची आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून चाकाची गरज नाही असं चार शब्दांत सांगायचं. मी विचारलं, कार्तिकी डोंगरावर आपटते त्याचं काय? ते म्हणाले, सिम्युलेटर त्यासाठीच तर असतो, खुशाल आपटू दे. आणि पुढच्या महिन्यात? त्यावर त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

मी चहा प्यायले आणि म्हटलं, शुक्रवारी मी उडवीन, पण माझी एक अट आहे. बाही मी घालणार नाही. बाही घालून यशोधन बसेल आणि मी चाकावर त्याच्याशी लढेन. पाहुण्यांना दोन्ही एकदम बघायला मिळतील. रणदिव्यांना ही कल्पना फार आवडली. भाऊबहिणीची लढत, बघायला मजा येईल म्हणाले.

शुक्रवारी दोन घुमट जोडून ठेवले होते. पाहुणे मधल्या खोलीत मोठ्या पडद्यासमोर बसले, कार्तिकी आणि तिची तुकडी मागे भिंतीला टेकून. यशोधन बाही चढवत मला म्हणाला, ताई, सांभाळून हं. तो कच्चा उडवणारा नाही. बाही तपासायला रोज बसतो आणि नेम त्याचा माझ्यापेक्षा बरा आहे.

मी लढाई सुरू व्हायच्या आधी चाक फिरवून विमान वळणाच्या सगळ्यांत चांगल्या वेगाला जुळवलं आणि त्यानंतर चाकाला हात लावला नाही. यात काही जादू नाही. वळणाचा भार वेगळा आणि वेग घटल्याचा भार वेगळा, हे हाताला सरावाने कळतं. मला फक्त दुसऱ्या भाराकडे लक्ष ठेवायचं होतं.

समोरासमोरून सुटलो आणि वळलो. पहिल्या वळणात तो माझ्या वळणाच्या आत शिरला, माझ्या शेपटीच्या जवळ. पाहुण्यांतून वा वा झाली. मी वळण आवळलं, त्यानेही आवळलं. दंडात गोळा आला तशी मी एवढंसं ढिलं सोडलं, नाक आपसूक खाली गेलं आणि वेग पुन्हा भरला. यशोधनला वाटलं मी पळतेय. त्याने मला नजरेआड होऊ द्यायचं नाही म्हणून आणखी ओढलं. हे मी दुसऱ्यांदा केलं, त्याने पुन्हा ओढलं. त्याच्या विमानाचं नाक आकाशाकडे आणि वेग कुठे गेला ते त्याला ठाऊक नाही, हे मला माझ्या खुर्चीतून स्वच्छ दिसत होतं. सांगते ते खरं सांगते, त्या वेळी मला त्याची दया आली नाही. मला कार्तिकी दिसत होती, खऱ्या डोंगरावर.

तिसऱ्या वळणात त्याची टिटवी एका पंखावर कलंडली. त्याने स्टिक सोडून दिली. नाक वरच राहिलं आणि ती तशीच खाली कोसळली. मी एकही गोळी झाडली नव्हती.

यशोधन घुमटातून बाहेर आला तो ओशाळं हसत. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की बीप वाजलाच नाही, आज कुठेतरी जोडणी सुटली असणार, नाहीतर त्याने वेळेत सावरलं असतं. मी मधल्या खोलीतल्या तंत्रज्ञाला फक्त चित्रण आवाजासकट लावायला सांगितलं.

बीप वाजत होता. दुसऱ्या वळणापासून वाजत होता, मोठ्याने आणि न थांबता, विमान जमिनीवर आपटेपर्यंत. शेवटी शेवटी तर तो इतका कर्कश झाला की एका पाहुण्याने कानावर हात ठेवला. यशोधन पडद्याकडे बघत उभा होता. तो आवाज त्याने स्वतः निवडला होता, कुत्र्यालाही झोपेतून उठवेल असं मला कौतुकाने सांगितलं होतं.

मागून कार्तिकी हळूच म्हणाली, “मॅडम, मला पण कधीच ऐकू आला नव्हता. मला वाटलं माझ्याच कानात काहीतरी दोष आहे. म्हणून मी बोलले नाही.”

तुकडीतली आणखी दोघं एकमेकांकडे बघायला लागली. तिथे मला खरा राग आला. इतकी हुशार मुलं, आणि यंत्राचा दोष स्वतःच्या अंगावर घेऊन गप्प बसली होती.

पाहुणे जेवायला गेल्यावर रणदिवे म्हणाले की प्रात्यक्षिक उपयुक्त झालं, बीपचा आवाज वाढवावा लागेल असं दिसतं. शिवाय माझ्यासारख्या मुरलेल्या पायलटने डाव टाकला म्हणून यंत्र वाईट ठरत नाही. मी त्यांना विचारलं की शत्रू मुरलेला नसेल अशी हमी कुणी दिलीय का. आणि चाकाची गरज नाही हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही, आज नाही आणि सोमवारीही नाही.

“तुमचा होकार असता तर मला आनंद झाला असता,” ते म्हणाले. “पण तो सक्तीचा नाही. बाही एकटी पुरेशी आहे असं यंत्र बनवणाऱ्याने म्हटलं की पुरतं.”

त्यांनी यशोधनकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “पुरेशी आहे.”

बाहेर गाडीतळावर मी त्याला गाठलं. तो म्हणाला, मी त्याला चारचौघांत पाडलं. आधी एकट्याला दाखवलं असतं तर? मी म्हटलं, डब्याच्या वेळी एकट्यालाच दाखवलं होतं. तो गाडीत बसून निघून गेला. लहानपणापासून आम्ही भांडत आलोय, पण असं पाठ फिरवून तो कधी गेला नव्हता. मला फार वाईट वाटलं आणि तरीही मी एक शब्द मागे घ्यायला तयार नव्हते.

रविवारी दोघंही कोल्हापूरला आबांकडे होतो. तो दर रविवारी जातो, मीही जाते, त्यामुळे न बोलता एका घरात बसणं भाग पडलं. सकाळी त्याने नेहमीप्रमाणे आबांच्या हातावरची बाही काढली. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. बाही कंप गिळून टाकते, मग आजार वाढला की कमी झाला ते कळणार कसं? म्हणून आठवड्यातून एकदा तासभर हात उघडा ठेवायचा आणि बघायचं. आबांचा हात खुर्चीच्या दांड्यावर थडथड उडत होता आणि यशोधन मान खाली घालून तो निरखत होता.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, आबांचा हात बघायला बाही काढतोस आणि माझ्या मुलांचा हात कायमचा झाकतोस, हे कसलं शास्त्र? तो ताडकन म्हणाला की मग आबांचीही बाही काढून टाकू का, म्हणजे तुझं समाधान होईल. आणि मी त्याला तोंडाला येईल ते बोलणार, तेवढ्यात आबांनी पंचाचा आवाज काढला.

“गप बसा दोघंबी. माझी बाही कोण काढतंय बघतो. माझा हात गेलाय, मला ठाव हाय. त्याला सांभाळून घ्यायला काहीतरी पायजे, ते यशानं केलं, लई उपकार झाले.” मग ते यशोधनकडे वळले. “पण त्या पोरांचे हात धडधाकट हाईत न्हवं? ते काहीतरी सांगायलेत. त्यांचं तोंड कशाला बांधतोस?”

तास भरल्यावर यशोधनने आबांची बाही पुन्हा चढवली, हळुवार, एकेक पट्टा बघून. निघताना मला गाडीत येतेस का म्हणून विचारलंही नाही. मी एस.टी.ने गेले.

सोमवारी सकाळी मी पहिल्या घुमटात जाऊन खुर्चीत बसले. हत्यारांच्या पेट्या घेऊन तंत्रज्ञ आले तेव्हा त्यांना सांगितलं की बाकीची चाकं नंतर बघू, आधी हे काढा, आणि हे काढायचं तर मला उचलावं लागेल. ते बिचारे दारातच थांबले. त्यांनी यशोधनला बोलावून आणलं. तो रोजच्या चाचणीची बाही हातावर तशीच ठेवून आला.

“ऊठ ताई.”

“उठत नाही.”

“तमाशा नको. मी हो म्हटलंय, विषय संपला.”

“तुझ्या त्या हो म्हणण्यावर कार्तिकी विमानात बसणाराय,” मी म्हटलं. “तू कधी ट्रिम न लावलेली स्टिक हातात धरलीयस? एकदा तरी? लहानपणी बटणं दाबायचास आणि आता बाही घालतोस. मधलं काही तुला ठाऊकच नाही. इथं बस, बाही काढ आणि एकदा धर. मग स्वतःच्या हातानं चाक काढ, मी आडवी येणार नाही.”

हे मी चिडून बोलले, पण खरं होतं ते. त्याने बाही उतरवली, तंत्रज्ञाच्या हातात दिली आणि मी रिकाम्या केलेल्या खुर्चीत बसला.

मी विमान सरळ आणि शांत हवेत ठेवलं, चाक दोनशेला जुळवलं आणि त्याला सांगितलं की नाक क्षितिजावर धरून ठेव, बाकी काही करायचं नाही. वेगमापकावर मी तळहात ठेवला. दुसऱ्या हाताने इंजिन थोडं कमी केलं.

स्टिक त्याच्या हातातून पुढे जायला लागली. त्याने धरली. मी इंजिन आणखी कमी केलं. त्याच्या मनगटाची शीर फुगली. मग कोपर हलायला लागलं. त्याचा डावा हात चाकाकडे गेला तो मी वरच्यावर पकडला.

“ताई, ट्रिम लावू दे. जड झालंय.”

“आधी वेग सांग.”

“तू काटा झाकलायस, मी काय सांगू?”

“मला नको विचारू. हाताला विचार.”

त्याने स्टिक थोडी पुढे जाऊ दिली, पुन्हा ओढली, पुन्हा जाऊ दिली. त्याचा चेहरा बदलत गेला. हिशेब करताना दिसतो तसा नव्हता तो. लहानपणी अंधारात घरातली भिंत चाचपत जाताना तो असा दिसायचा.

“दीडशे,” तो म्हणाला. “नाही, त्याच्याही खाली. आणि घटतोय. अजून घटतोय.”

मी तळहात काढला. काटा दीडशेच्या जरा खाली होता आणि उतरत होता.

यशोधनने काट्याकडे बघितलं आणि मग माझ्या मनगटाकडे बघितलं, जसा पूर्वी बघायचा तसं. स्टिक मात्र त्याने सोडली नाही.

“मला वाटायचं तुझा हात दुखतोय,” तो म्हणाला. “म्हणून मी बटण दाबायचो.”

इतकी वर्षं मी त्याला यंत्राच्या मागे लागलेला माणूस समजत होते, आणि हा माझं दुखणं काढायला बसला होता. मला तेव्हाच त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण विमान अजून हवेत होतं.

दाराशी चाहूल लागली. तंत्रज्ञ बाजूला झाले आणि रणदिवे आत आले. त्यांनी नेहमीच्या मऊ आवाजात विचारलं की चाक निघालं का, पाहुण्यांना दुपारपर्यंत कळवायचं आहे.

यशोधनने मान वळवली नाही. “निघणार नाही सर. बाही एकटी पुरेशी नाही, असं कळवा. माझं नाव घालून कळवा.”

रणदिवे म्हणाले की हे असं उभ्या उभ्या ठरत नसतं, त्यांच्या खोलीत या, बसून बोलू.

“आत्ता नाही येता येणार,” यशोधन म्हणाला. “हातात विमान आहे.”

मी इंजिन आणखी थोडं कमी केलं.